‘सेंद्रिय’ ही पाटी आणि तिच्यामागची भाजी

शहरांतल्या मोकळ्या पटांगणांत, शाळेच्या आवारांत किंवा एखाद्या गृहसंस्थेच्या फाटकाशीं आठवड्यांतून एक दिवस भरणारा शेतकरी बाजार आतां पुण्यामुंबईच्या कुटुंबांना नवा राहिलेला नाहीं. सकाळीं सातच्या सुमारास टेंपो येतात, ताडपत्र्या पसरल्या जातात, आणि अर्ध्या तासांत मेथीच्या जुड्या, वांगीं, दुधी, गवार यांचे ढीग लागतात. मंडईंतल्या ढिगांत आणि या ढिगांत डोळ्यांना दिसणारा फरक थोडा. खरा फरक मागें टांगलेल्या पाटीचा. ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘रसायनविरहित’ असे शब्द त्या पाट्यांवर असतात, आणि त्या शब्दांपायीं गृहिणी कधीं दीडपट, तर कधीं दुप्पटहि दाम मोजते. हें दाम भाजीचें कीं शब्दाचें? ज्याच्यावर औषध मारलेलें नाहीं तें सेंद्रिय, अशी बहुतेक गिऱ्हाइकांची समजूत असते. ती सोपी आहे, आणि पुष्कळ अंशीं चुकीची आहे.

शब्दापासूनच आरंभ केलेला बरा. रसायनशास्त्रांत ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनयुक्त. आणि त्या अर्थानें पाहिलें, तर मॅलेथिऑनसारखीं किडींवरचीं कितीतरी जालीम विषें शुद्ध सेंद्रियच ठरतात! शाळेंत हें शिकलेला मुलगा बाजारांतली पाटी पाहून बुचकळ्यांत पडला, तर दोष त्याचा नव्हे. शेतीच्या बोलण्यांत हा शब्द दुसऱ्या वाटेनें आला. शेत हें एखाद्या सजीव देहासारखें असतें, त्याचे सर्व अवयव एकमेकांना पोसतात, असा विचार लॉर्ड नॉर्थबोर्न या इंग्रज लेखकानें १९४० सालीं मांडला आणि तशा शेतीला जें नांव दिलें, त्याचा ‘सेंद्रिय’ हा मराठी प्रतिशब्द होय. विचाराला नांव मिळालें इंग्लंडांत; पण त्याची प्रयोगशाळा होती होळकरांच्या इंदुरांत. तेथें १९२४ ते १९३१ या काळांत आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञानें काडीकचरा, शेण, गोठ्यांतली मुतानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळीं खालवर करून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीति बसविली. ‘इंदूर पद्धति’ या नांवानें ती जगभर गेली. १९३१ सालीं या विषयावर जो इंग्रजी ग्रंथ निघाला, त्याच्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड या त्याच्या सहकाऱ्याचेंहि नांव आहे, ही गोष्ट मराठी कुटुंबांना ठाऊक असावयास हवी. एवढ्या इतिहासावरून एक मुद्दा ध्यानांत येईल. सेंद्रिय हें विशेषण मुळांत भाजीचें नव्हेच. तें जमिनीचें आणि ती कसण्याच्या रीतीचें आहे. वांगें चिरून पाहिल्यानें तें कळत नाहीं.

म्हणूनच दाखल्याची गरज पडते. आपल्या देशांत त्याच्या दोन व्यवस्था आहेत. ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’ ही पहिली २००१ पासूनची, मुख्यत्वें निर्यात डोळ्यांपुढें ठेवून जन्मलेली. तिच्यांत मान्यता मिळालेली त्रयस्थ संस्था शेत व दप्तर तपासून दाखला देते. त्याचा खर्च व कागदपत्रांचा व्याप लहान शेतकऱ्यास एकट्यानें झेपत नाहीं. म्हणून दुसरी, ‘सहभागी हमी पद्धति’. हिच्यांत एकाच किंवा लगतच्या गांवांतील निदान पांच शेतकऱ्यांचा गट बनतो, आणि हे शेतकरीच एकमेकांच्या शेतांवर जाऊन पाहणी करतात. शेजारी शेजाऱ्याला सांभाळून घेईल, अशी शंका कोणी काढतात; ती अगदींच निराधार नाहीं. परंतु वर्षांतून एकदां येणाऱ्या तपासनिसापासून फवारणी लपविणें सोपें, आणि बांधाला बांध लागलेल्या माणसापासून लपविणें कठीण, हेंहि तितकेंच खरें. दोन्ही व्यवस्थांत रासायनिक खतें व औषधें सोडल्यावर हंगामी पिकांसाठीं दोन वर्षें आणि फळबागेसारख्या बहुवर्षायु पिकांसाठीं तीन वर्षें थांबावें लागतें. त्यानंतरचा माल सेंद्रिय म्हणवितो.

बहुतेक श्रोत्यांना आश्चर्य वाटेल तें पुढेंच आहे. सेंद्रिय शेतींतहि फवारणी असते. निंबोळीचा अर्क असतो, गंधक असतें, आणि मोरचूदहि असतें. फ्रान्समधील बोर्डो परगण्यांत द्राक्षवेलींवर केवडा रोगानें धुमाकूळ घातला, तेव्हां मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ च्या सुमारास मोरचूद व चुना यांचें मिश्रण प्रसिद्धीस आणलें. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हें त्याचें आजचें रूढ प्रमाण. कोंकणांत व गोव्यांत सुपारीच्या घडांवर पावसाळ्यांत कोळेरोग पडूं नये, म्हणून बागायतदार हेंच मिश्रण मारतात. मोरचूद हें कांहीं झाडाला लागत नाहीं. तरीहि मर्यादेंत वापरलें तर तें सेंद्रिय नियमांत बसतें. मर्यादा अशासाठीं कीं, तांबें जमिनींत सांचत जातें. अर्थात् सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचें, हें समीकरण येथेंच मोडतें. कोणतीं द्रव्यें घ्यावयाचीं, कोणतीं वर्ज्य मानावयाचीं, याविषयींची ती एक शिस्त आहे. आणि शिस्त म्हणून ती आदरणीय आहे.

आतां शेतकरी बाजाराकडे वळावें. महाराष्ट्रांत १९६३ च्या पणन कायद्यान्वयें शेतमालाची घाऊक खरेदीविक्री बाजार समितीच्या आवारांतच व्हावी, असा दंडक होता. जुलै २०१६ मध्यें फळें व भाजीपाला या नियमनांतून मोकळा झाला, आणि त्याच वर्षीं राज्याच्या पणन मंडळानें शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम हातीं घेतली. तिला नांव दिलें संत सावता माळी यांचें. मळ्यांतच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या या संताचें नांव भाजीच्या बाजाराला देणाऱ्याची रसिकता वाखाणण्यासारखी आहे. तथापि येथें एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. शेतकरी बाजाराचें वचन एवढेंच कीं, पिकविणारा व विकणारा एक. मध्यें अडत्या नाहीं. माल सेंद्रिय आहे, असें तें वचन नव्हे. गिऱ्हाईक मात्र दोहोंची गल्लत करतें, आणि कांहीं विक्रेते ती होऊं देतात.

या गल्लतीला कायद्यांतली एक सवलतहि हातभार लावते. सेंद्रिय अन्नाविषयींचे केंद्राचे नियम २०१७ सालीं झाले व १ जुलै २०१८ पासून अमलांत आले. दाखला असलेल्या मालाच्या वेष्टनावर ‘जैविक भारत’ हें चिन्ह असतें. पण जो लहान उत्पादक आपला माल थेट खाणाऱ्याच्या हातांत देतो, त्याला दाखल्याची सक्ति नाहीं. वार्षिक उलाढालीची १२ लाख रुपयांची मर्यादा त्यासाठीं घालून दिलेली आहे. त्याला तें चिन्ह मात्र वापरतां येत नाहीं. सवलत योग्यच आहे. दोन एकरांच्या धन्यानें चार पाट्या भाजीसाठीं दप्तर सांभाळावें, ही अपेक्षाच क्रूर झाली असती. परिणाम मात्र असा कीं, ताडपत्रीवर चिन्ह नसलें म्हणून विक्रेता लबाड ठरत नाहीं, आणि पाटी असली म्हणून प्रामाणिकहि ठरत नाहीं.

मग गिऱ्हाइकानें काय धरून चालावें? त्यासाठीं शेतांत जावें लागेल, आणि तेंहि वांग्याच्या.

वांग्याच्या झाडाचा मोठा शत्रु म्हणजे शेंडे व फळें पोखरणारी अळी. पतंग पानांवर अंडीं घालतो, अळी कोंवळ्या शेंड्यांत किंवा फळांत शिरते, आणि एकदां आंत गेली कीं वरून मारलेलें औषध तिला सहसा लागत नाहीं. म्हणून ती बाहेर असतांनाच तिला गांठावी, या घाईनें शेतकरी पुनःपुन्हा फवारतो. आतां प्रत्येक औषधाला काढणीपूर्वीं थांबण्याचा एक काळ ठरलेला असतो. फवारल्यापासून इतके दिवस माल तोडूं नये, असें त्याच्या माहितीपत्रकावर छापलेलें असतें. कांहींचा काळ एकदोन दिवसांचा, कांहींचा आठवड्याहून अधिक. कांदा, बटाटा, केळीं यांच्या बाबतींत हा नियम पाळणें फारसें जड नाहीं, कारण पीक एकदांच निघतें किंवा सावकाश निघतें. वांग्याचे तोडे चारपांच दिवसांनीं, आणि भेंडीचे तर एक दिवसाआड. भेंडी दोन दिवस ठेवली कीं जून झाली, आणि जून भेंडी घेतो कोण? पांच दिवस थांबावयाचें म्हणजे भेंडीचे दोन तोडे पाण्यांत. जो शेतकरी थांबतो, तो ही जून भेंडी तोडून बांधावर टाकतो. जो थांबत नाहीं, त्याची भेंडी दुसऱ्या दिवशीं मंडईंत येते. दोघांची भेंडी दिसावयास सारखी, भाव सारखा. भाजींतल्या विषाचा प्रश्न औषधाच्या बाटलीपेक्षां या दोन तोड्यांत अधिक गुंतलेला आहे.

या दोघांखेरीज तिसरा एक शेतकरी असतो, आणि शेतकरी बाजारांत येणाऱ्यांत त्याच्यासारख्यांचा भरणा कमी नसतो. तो शेणखत व गांडूळखत घालतो, पण टंचाईच्या वर्षीं पोतेंभर युरियाहि देतो. वांग्यांत तो कामगंध सापळे लावतो. या सापळ्यांत मादीच्या वासाची गोळी असते. नर पतंग भुलून अडकतात व पुढची वीण खुंटते. पोखरलेले शेंडे तो दर आठवड्यास खुडून पुरतो, निंबोळी अर्क मारतो. एवढें करून कीड आटोक्यांत राहिली तर ठीक. न राहिली तर एकदां, क्वचित् दोनदां, रासायनिक औषध फवारतो आणि नेमलेले दिवस थांबतो. कृषिविद्यापीठें शिकवितात ती एकात्मिक कीडनियंत्रणाची रीति ती हीच. या माणसाचा माल सेंद्रिय नाहीं. पण चालू पद्धतीनें पिकविलेल्या वांग्याशीं त्याच्या वांग्याची तुलना केली, तर अंतर मोठें पडतें.

आणि या माणसासाठीं पाटी नाहीं. ‘कमी रसायनांची भाजी’ या शब्दांना कायद्यांत व्याख्या नाहीं, त्यांचें चिन्ह नाहीं. ‘एकदां फवारलें, सात दिवस थांबलों’ असें लिहून त्यानें पाटी टांगली, तर गिऱ्हाईक ‘फवारलें’ एवढाच शब्द वाचून शेजारच्या ताडपत्रीकडे जाईल; आणि त्या ताडपत्रीवर कदाचित् पहाटे घाऊक बाजारांतून उचललेला माल ‘विषमुक्त’ म्हणून मांडलेला असेल. खरें सांगणाऱ्याला दंड आणि गोड सांगणाऱ्याला बक्षीस, असा हा व्यवहार आहे. दोन हंगाम तो सोसल्यावर तिसऱ्या हंगामांत त्यानेंहि ‘सेंद्रिय’ अशी पाटी रंगवून घेतली, तर नवल कसलें? ती पाटी रंगविण्यांत शहरी गिऱ्हाइकाचाहि हात असतो.

अशा मधल्या मार्गाला मान मिळूं शकतो, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. २०१० च्या हंगामांत यूरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेपेक्षां अधिक निघाला. माल अडकला, आणि नाशिक-सांगलीकडील बागायतदारांना जबर ठोकर बसली. त्या द्राक्षांनीं पुढें सेंद्रिय व्हावें असें कोणी म्हटलें नाहीं. आपल्या हवेंत केवडा व भुरी यांच्यापुढें तें फार अवघड आहे. झालें तें इतकेंच कीं, निर्यातीच्या द्राक्षांत कोणत्या द्रव्याचा अंश किती चालेल याची तपासणी अधिक कडक झाली, फवारण्यांच्या नोंदी पाहिल्या जाऊं लागल्या, आणि शेतकरी त्या मर्यादेंत बसूं लागले. यूरोपच्या गिऱ्हाइकानें शब्द विचारला नाहीं, आंकडा विचारला. ही तपासणी महाग असते, एका ताडपत्रीवरच्या भाजीला ती परवडणारी नाहीं. पण प्रश्न विचारावयास कांहीं पडत नाहीं.

तेव्हां ‘हें सेंद्रिय आहे ना?’ हा प्रश्न गृहिणींनीं सोडून द्यावा. त्याला ‘हो’ यावांचून दुसरें उत्तर येत नाहीं. त्याऐवजीं ‘या वांग्यांवर शेवटचें काय मारलें, आणि तोडण्यापूर्वीं किती दिवस?’ असें विचारावें. ज्यानें खरोखर शेत केलें आहे तो यावर थांबतो, आठवतो, आणि बोलूं लागतो. त्याला थांबविणें कठीण होतें. दुसऱ्यानें पिकविलेलें जो विकतो, त्याला हा प्रश्न सुचलेलाच नसतो. ढिगाकडेहि पाहावें. एकाच शेतकऱ्याच्या ताडपत्रीवर एका दिवशीं कोबी, सिमला मिरची, मोसंबी आणि सफरचंदें दिसलीं, तर त्याचें शेत साताऱ्यापासून सिमल्यापर्यंत पसरलेलें असलें पाहिजे! न्यूयॉर्क शहरांत १९७६ सालीं ‘ग्रीनमार्केट’ या नांवाचे शेतकरी बाजार सुरू झाले, त्यांचा मूळ नियम असा कीं, विक्रेत्यानें स्वतः पिकविलेलेंच विकावें. आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बाजारचालक माणसें थेट शेतांवर पाठवितात. आपल्याकडे बाजार भरविणाऱ्या संस्थांनीं एवढें केलें, तरी पाट्यांचा निम्मा घोळ मिटेल.

कोणत्या भाजीविषयीं अधिक चौकशी करावी, हेंहि ठाऊक असलें म्हणजे श्रम वांचतात. वांगीं, भेंडी, फ्लॉवर, कोबी, सिमला मिरची, टोमॅटो यांवर कीडरोग फार, म्हणून फवारण्या फार. सुरण, अळू, रताळीं, लाल भोपळा, अंबाडी, चवळई यांना औषधाची गरजच बेताची. त्यांच्यावरच्या ‘विषमुक्त’ पाटीसाठीं दुप्पट दाम मोजणें म्हणजे समुद्राला मीठ विकत घेऊन देणें होय. हंगाम सोडून आलेल्या भाजीला बहुधा औषधांचा टेंकू लागतो. भाजी धुतल्यानें वरवरचें औषध पुष्कळ जातें, म्हणून धुवावी हें बरेंच. पण जें औषध झाडाच्या रसांतून आंत भिनतें, तें मिठाच्या पाण्यानेंहि निघत नाहीं.

औषधाच्या बाटलीवर तिच्या जालीमपणाचा रंगीत त्रिकोण छापण्याचा नियम आहे. लाल सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे सेंद्रिय, असा गैरसमज खेड्यांतहि आढळतो. त्याचा अर्थ त्या चारांत सौम्य, एवढाच. कांहीं औषधें अन्नधान्याला वा कापसाला चालत असलीं, तरी भाजीला मना असतात. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून बंदी आहे.

शहरांत ही सारी चर्चा खाणाऱ्याच्या पोटाभोंवतीं फिरते. पाठीवर पंप बांधणाऱ्याची आठवण तींत क्वचितच निघते. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेंकडों रुग्णालयांत पडले. पीक डोक्याएवढें वाढलेलें, हवा दमट, तोंडाला फडकें एवढेंच संरक्षण. ताटांतल्या वांग्यांत अंश किती राहिला याचा हिशेब दशलक्ष भागांत करतात. या मजुरांच्या अंगावर औषध चुळकांनीं पडलें होतें. एक फवारणी टळते, तेव्हां सर्वांत प्रथम वांचतो तो हा माणूस, आणि ताटापर्यंत फायदा पोंचतो तो मागाहून. ‘कमी रसायनें’ या न पाहिलेल्या पाटीचें मोल ठरवितांना हा हिशेबहि जमेस धरावयास हवा.

राहिला भावाचा प्रश्न. रसायनें सोडणाऱ्या शेतकऱ्याचीं पहिलीं दोनतीन वर्षें सर्वांत वाईट जातात. खत सुटल्यामुळें उत्पन्न उतरतें, निंदणीची मजुरी वाढते, जमीन अजून सांवरलेली नसते, आणि माल तर साध्या भावानेंच विकावा लागतो, कारण तो अद्याप सेंद्रिय ठरलेला नाहीं. सहभागी हमी पद्धतींत या संक्रमणकाळासाठीं ‘ग्रीन’ असें वेगळें चिन्ह ठेवलेलें आहे. पण तें पाहून दोन रुपये अधिक देणारें गिऱ्हाईक विरळा. पुष्कळ शेतकरी परत युरियाकडे वळतात ते याच काळांत. दाखला मिळाल्यावर दुप्पट दाम देणाऱ्या दहा घरांपेक्षां, या दोन वर्षांत सव्वापट दाम नेमानें देणारीं दहा घरें त्याच्या अधिक उपयोगाचीं.

अशी घरें कांहीं शहरांत एकत्र येऊं लागलीं आहेत. पंधरावीस कुटुंबें मिळून एका शेतकऱ्याशीं हंगामाचा करार करतात, कांहीं रक्कम आगाऊ देतात आणि दर आठवड्यास एक टोपली घेतात. जपानांत ‘तेइकेई’ या नांवानें ही रीति १९७० नंतरच्या दशकांत चांगलीच रुजली होती. तींत गृहिणीला निवड थोडी मिळते. पालकाच्या पानांना भोंकें असतात, मुळे वांकडे असतात, आणि वांग्यांत अळी निघालीच तर तेवढा भाग काढून टाकण्याची तयारी ठेवावी लागते. वर्षांतून एकदां शेतावर जाऊन फवारणीची वही पाहतां येते. तशी अट करारांत घालण्यास चांगले शेतकरी सहसा हरकत घेत नाहींत. पावसाळ्यांत या टोपलींत तीन आठवडे लागोपाठ दुधी, दोडके आणि अंबाडीच येण्याचा संभव असतो. मेथीची जुडी दिसते ती थंडी पडूं लागल्यावर.